दमट हवा, अधूनमधून रेंज आणि नवा फोन: किनाऱ्यावरच्या माणसासाठी खरेदीपासून अपडेटपर्यंत

फोनची परीक्षणं जिथे चित्रित होतात तिथे हवा कोरडी असते, वीज जात नाही आणि वायफाय प्रत्येक खोलीत पोचतं. त्यामुळे कॅमेऱ्याच्या झूमवर पंधरा मिनिटं खर्ची पडतात आणि आमचे प्रश्न तसेच राहतात. जुलैत चार्जिंगच्या भोकात हिरवट का धरतं? अपडेट चालू असताना वीज गेली तर? आईचा फोन रात्री आपोआप बंद होऊन चालू झाला आणि आता तिचं बोटच ओळखत नाही, ते का?

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत कुणाच्याही मोबाईलवर काही नवं झळकलं की तो मोबाईल आमच्या पडवीत येतो. "ह्या काय इला रे? दाबू काय?" बहुतेक वेळा माझं उत्तर "दाबा, पण आत्ता नको" असं असतं. हे "आत्ता नको" म्हणजे नेमकं कधी, आणि दाबण्याआधी व नंतर काय करायचं, ते क्रमाने लिहितो. मला नव्या फोनची आणि नव्या व्हर्जनची हौस आहे हे आधीच सांगून ठेवतो. पण हौस मी माझ्या दुसऱ्या फोनवर भागवतो. ज्या फोनवर बँक आणि आंब्याची गिऱ्हाइकं आहेत, त्याला वेगळे नियम.

घेण्याआधी: दोन प्रश्न, मेगापिक्सेल नंतर

पहिला प्रश्न: सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारी लहान अपडेट) किती वर्षं मिळणार, आणि ती वर्षं कुठून मोजायची? गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन दिलं, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ मालिकेला तेवढंच दिलं. ही महागाची गोष्ट झाली. पण त्याच वर्षी आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या बेताच्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षं जाहीर झाली, म्हणजे स्वस्त फोन दोन वर्षांत म्हातारा झालाच पाहिजे असं आता राहिलेलं नाही. तरीही दुकानात "कॅमेरा दोनशेचा आहे" हे न विचारता सांगतात आणि अपडेटचं विचारलं की मालक आत निघून जातो. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव घालून स्वतः बघा.

मेख अशी की ही वर्षं बहुधा फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये गेल्या वर्षीचं मॉडेल तीन हजारांनी स्वस्त मिळतं, त्यात एक वर्ष आधीच खर्च झालेलं असतं. चार वर्षांचं वचन असेल तर हातात तीनच येतात. किंमत भागिले उरलेली वर्षं, हा हिशोब करून बघा. कित्येकदा महाग वाटणारा फोन स्वस्त निघतो.

दुसरा प्रश्न: दुरुस्ती कुठे? आमच्याकडच्या माणसाला कणकवली-कुडाळ, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. पावसाळ्यात घाटात दरड आली की तेही लांबतं. फोन सर्व्हिस सेंटरला ठेवायचा, चार दिवसांनी परत जायचं, यात दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. म्हणून गावात कोणी ऐकलेला नाही असा ब्रँड ऑनलाइन स्वस्त दिसला तरी मी घेऊ देत नाही. कंपनीच्या यादीत सर्वांत जवळचं सेंटर कोणतं ते बघा आणि फोन करून विचारा की त्या मॉडेलचा पडदा आणि बॅटरी त्यांच्याकडे मिळते का. यादीत नाव असणं आणि तिथे माणूस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रेंजबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. शहरात वेग देणारा लहरींचा पट्टा ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, फोनच्या माहितीत त्याला 'एन७८' म्हणतात. तो डोंगराआड पोचत नाही, जाड चिऱ्याच्या भिंतीतून तर नाहीच. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे 'एन२८', लांब जातो आणि भिंतीतून आत शिरतो. २०२२ च्या लिलावात तो जिओने घेतला. ४जी मध्ये हाच पट्टा 'बी२८' नावाने येतो आणि बीएसएनएलच्या नव्या ४जी साठी तो महत्त्वाचा आहे. आमच्याकडे काही वाड्या अशा आहेत की जिथे फक्त बीएसएनएलचा टॉवर आहे. तेव्हा तपशिलाच्या यादीत बी२८ आणि एन२८ आहेत का हे बघणं कॅमेऱ्याच्या झूमपेक्षा कामाचं. जिओचं ५जी स्टँडअलोन पद्धतीचं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, असल्यामुळे फोनला तेही चालायला हवं, पण अलीकडच्या फोनांत ते असतंच. वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून साधा कॉल, मात्र विसरू नका. घरात फायबर आहे आणि रेंज नाही अशी घरं पुष्कळ आहेत, तिथे हे एक बटण चालू केलं की अंगणात जाऊन ओरडणं बंद होतं.

पाणी, खारी हवा आणि ते आयपी६८

आयपी क्रमांक म्हणजे फोन धूळ आणि पाणी किती अडवतो याची श्रेणी. आयपी६७ म्हणजे प्रयोगशाळेत एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. आयपी६८ ची खोली आणि वेळ कंपनी स्वतः जाहीर करते. दोन्ही चाचण्या गोड्या, स्वच्छ पाण्यात आणि नव्याकोऱ्या फोनवर होतात. समुद्राचं पाणी त्यात धरलेलंच नाही. फोन आत बंद ठेवणारा रबर-गोंद उन्हाने आणि पडण्याने सैल होत जातो, त्यामुळे दोन वर्षं वापरलेल्या फोनचा आयपी क्रमांक मी मनातल्या मनात खोडून टाकतो. वॉरंटी तर पाण्याला बहुधा लागूच नसते. सिम ट्रेच्या खाचेत कित्येक फोनांना एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा तोच बघतो.

खरं नुकसान मात्र बुडण्यापेक्षा सवयीने होतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. चार्जिंगच्या भोकात खारट दमटपणा असताना वायर लावली की विजेमुळे पिना झिजतात आणि हिरवट-काळ्या पडतात. जेटीवर किंवा होडीवर काम करणाऱ्याचा फोन अशाने एका पावसाळ्यात मरतो. म्हणून:

- "भोकात ओलावा आहे" अशी सूचना आली तर चार्जिंग लगेच काढा. भोक खाली करून फोन तळहातावर हलके आपटा आणि पंख्यासमोर ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा, सूचना राहिली तर रात्रभर राहू द्या.
- तांदळात पुरू नका, उकडे असोत की सुरय. ॲपलने २०२४ मध्ये आपल्या मदत-पानावर हे स्पष्ट लिहिलं, कारण बारीक कण आत जातात. हेअर ड्रायरही नको.
- फोन आयपी६७ किंवा ६८ चा असेल, धड असेल आणि समुद्रात पडला, तरच लगेच गोड्या पाण्याने हलका धुवा, म्हणजे मीठ निघेल. साध्या फोनला हे करू नका. तो बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.
- बिनवायरी चार्जिंग असलेला फोन परवडत असेल तर पावसाळ्यापुरतं तेच वापरा.

बोटाच्या ठशाचंही पावसात वेगळंच असतं. पडद्याखालचा ऑप्टिकल सेन्सर ओल्या, सुरकुतलेल्या बोटाला दाद देत नाही. जून लागला की सेटिंगमध्ये जाऊन तेच अंगठ्याचं बोट पुन्हा एकदा, भिजून आल्यावर पुसून, दुसऱ्या नावाने नोंदवा. एकच बोट दोनदा नोंदवता येतं, आणि फरक लगेच जाणवतो. आंब्याच्या दिवसांत चीक लागलेल्या हातांनाही हाच उपाय चालतो.

बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय नव्या फोनांत असते. आठ महिने ती चालू ठेवा, बॅटरीचं आयुष्य वाढतं. जून ते सप्टेंबर मी ती बंद करतो. वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसताना वीस टक्के सोडून देण्यात शहाणपण नाही.

अपडेट म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

सगळ्यांना आपण एकच नाव देतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली, गूगल प्ले सिस्टीम अपडेट. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, सिस्टीमचे काही भाग प्ले स्टोअरच्या मार्गाने येतात. लहान असतं, फोन पुन्हा चालू केला की लागतं. विचार न करता घ्या.

दुसरी, सिक्युरिटी पॅच. २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी सापडली, ज्यात नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलने महिन्याच्या महिन्याला सुरक्षा पत्रक काढायला सुरुवात केली. तुमच्या फोनची तारीख 'फोनविषयी' या भागात अँड्रॉइड व्हर्जनखाली दिसते. ती सहा महिन्यांहून जुनी असेल आणि नवं काही येत नसेल तर त्या फोनवर बँकेची ॲप ठेवायची का, याचा विचार करा. हा पॅच आल्यावर आठवडाभरात घ्या.

तिसरी, मोठं व्हर्जन. अँड्रॉइड १४ चं १५ झालं वगैरे. लोकांना आकर्षण याचंच आणि घाई करू नये तीही याचीच. कंपन्या ते सगळ्यांना एकदम देत नाहीत. आधी थोड्या फोनांना देतात, तक्रारी बघतात, मग वाढवतात. शेजाऱ्याला आलं आणि तुम्हांला नाही याचा अर्थ तुमच्या फोनमध्ये खोट आहे असा नाही. पहिले दोन-तीन आठवडे जाऊ द्या. बहुतेकदा मागोमाग एक लहान दुरुस्ती येते, ती आली की दोन्ही मिळून घ्या.

कधी दाबायचं

मोठ्या व्हर्जनसाठी माझं स्वतःचं वेळापत्रक हंगामावर चालतं. अँड्रॉइड १६ आलं ते जून २०२५ मध्ये, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. आयफोनचं नवं व्हर्जन दर वर्षी सप्टेंबरात येतं, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर इतकी गर्दी होते की साधा व्हिडिओ कॉल अडखळतो, तिथे तीन-चार जीबी उतरवणार कसे? त्या दिवसांत अपडेट नको.

हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल तेव्हाही नको, हा नियम मी कुणासाठी मोडत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, त्यानंतर कित्येक गावांत वीज आणि फोन बरेच दिवस नव्हते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. अशा वेळी चालू असलेला, भरलेला फोन हाताशी हवा. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. मोठ्या व्हर्जनसाठी डिसेंबर ते मार्च हा काळ मला सर्वांत बरा वाटतो. सिक्युरिटी पॅच लहान असतो, त्याला पावसातली एखादी उघडीप पुरते.

वीज गेली तर काय होतं, हे फोनवर अवलंबून आहे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून एक पद्धत आली: सिस्टीमच्या दोन जागा असतात, तुम्ही एकीवर फोन वापरत असता तेव्हा नवी सिस्टीम दुसरीवर चढते. पुन्हा चालू करताना फक्त जागा बदलते. नवी नीट उठली नाही तर फोन जुन्या जागेवर परत येतो. दोन चुली असलेल्या घरासारखं आहे, एकीवर भात शिजत असतो तेव्हा दुसरीवरची आमटी थांबत नाही. सगळ्या कंपन्यांनी ही पद्धत लगेच घेतली नाही. सॅमसंगने २०२४ च्या ए५५ पासून सुरुवात केली. अपडेट चढत असताना तुम्हांला फोन वापरता येत असेल तर तुमच्याकडे ही सोय आहे. फोन बंद होऊन काळ्या पडद्यावर टक्के दाखवत बसत असेल तर नाही, आणि तिथे बॅटरी निम्म्याहून जास्त असल्याशिवाय हात लावू नका. मी सत्तर धरतो.

दाबण्याआधीची तयारी, याच क्रमाने

१. बॅकअप. फोटो गूगलवर किंवा लॅपटॉपवर. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या मोफत १५ जीबीत मोजला जातो, त्यामुळे तो मुकाट्याने अडलेला असू शकतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये शेवटच्या बॅकअपची तारीख स्वतः वाचा. जागा नसेल तर बॅकअपमधून व्हिडिओ वगळा.

२. पिन पाठ आहे ना? फोन पुन्हा चालू झाल्यावर पहिल्यांदा बोट चालत नाही, पिनच लागतो. सुरक्षेसाठी तसं मुद्दाम केलेलं आहे. रोज बोट लावणारी आई-काकी मंडळी पिन विसरलेली असतात आणि सगळे म्हणतात अपडेटने फोन बिघडवला. त्यांचा पिन घरातल्या एका विश्वासू माणसाच्या वहीत हवा. आणि रात्री आपोआप अपडेट लावून फोन सुरू करण्याची सोय त्यांच्या फोनवर बंद करा. ती सॉफ्टवेअर अपडेटच्या सेटिंगमध्ये किंवा डेव्हलपर ऑप्शन्स या लपवलेल्या मेनूत सापडते.

३. जागा. मोठ्या व्हर्जनला आठ-दहा जीबी मोकळी ठेवा. गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो उडवले की बहुधा तेवढी होतेच.

४. इंटरनेट. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक यात संपून जातो. फायबर असलेल्या घरी जा किंवा तालुक्याच्या गावी काम असेल तेव्हा उतरवून घ्या. डाउनलोड अर्धवट थांबलं तर सहसा पुढे तिथूनच सुरू होतं. कोकण रेल्वेत बसून मात्र हे उद्योग करू नका. करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि तसे लहान-मोठे किती! डाउनलोड तुटत राहतं आणि बॅटरी रेंज शोधण्यात जाते.

५. अपडेट फक्त सेटिंगमधूनच. व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी), मग ती चलानाची असो, किसान योजनेची असो वा "बँकेचं नवं व्हर्जन" असो, उघडायची नाही. ती फाइल तुमचे ओटीपी वाचते. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

लावल्यानंतरचे दोन दिवस

फोन गरम होतो, बॅटरी भराभर उतरते आणि घरातले वैतागतात. यात बहुतेक वेळा बिघाड नसतो. सगळी ॲप नव्या सिस्टीमसाठी पुन्हा तयार होत असतात, फोटोंची यादी नव्याने लागत असते. रात्री चार्जिंगला लावून वायफायवर ठेवा, दोन दिवसांत निवळतं. चार दिवसांनंतरही तसंच असेल तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये कोणतं ॲप खातंय ते बघा.

त्या दोन दिवसांत तपासायच्या गोष्टी: कॉल लागतो-येतो का, ओटीपीचा मेसेज येतो का, एक रुपया घरातल्याच कुणाला पाठवून यूपीआय चालतं का, हॉटस्पॉट, वायफाय कॉलिंगचं बटण. हे शेवटचं बटण अपडेटनंतर बंद झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय. रेंज विचित्र वागत असेल तर 'नेटवर्क सेटिंग रीसेट' करा. फोटो-मेसेज जात नाहीत, फक्त वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, म्हणून पासवर्ड आधी लिहून ठेवा.

इशाऱ्यांच्या ॲपकडे खास लक्ष द्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' आकाशातल्या विजेचा इशारा देतं. परतीच्या पावसात, भात कापणीच्या दिवसांत ते आमच्याकडे फार उपयोगी पडतं. नवी व्हर्जनं बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अशा ॲपना झोपवतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याला 'निर्बंध नाही' करा आणि लोकेशनची परवानगी 'नेहमी' आहे का ते बघा. सरकारी आणीबाणीचे मेसेज टॉवरवरून थेट येतात, त्यांची सेटिंगही चालू आहे ना ते त्याच बैठकीत बघून टाका.

ॲप एकापाठोपाठ एक बंद पडू लागली तर फोन फेकू नका. मार्च २०२१ मध्ये जगभर असं झालं होतं आणि कारण निघालं 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' हा ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग. प्ले स्टोअरमधून त्याचं नवं व्हर्जन आल्यावर सगळं सुरळीत झालं. पहिला उपाय तोच करून बघा. पडद्यावर हिरवी उभी रेघ आली तर मात्र घरगुती उपाय नाही. अशा तक्रारी भारतात बऱ्याच झाल्या आणि काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलचा पडदा फुकट बदलून दिला. पैसे भरण्याआधी तुमच्या मॉडेलला अशी योजना आहे का, ते सर्व्हिस सेंटरला विचारा.

"जुनंच बरं होतं, परत टाक" ही मागणी हमखास येते. बहुतेक फोनांत ते करता येत नाही, करता आलं तरी सगळा डेटा पुसला जातो. कंपन्या मागे जाण्याची वाट मुद्दाम बंद करतात, कारण जुन्या व्हर्जनमधली भोकं माहीत झालेली असतात. म्हणूनच सगळा जोर आधीच्या तयारीवर द्यायचा.

जुना फोन गावी देताना

गणपतीला येणारा मुलगा नवा फोन घेऊन येतो आणि जुना आई-बाबांना देतो. रीत चांगली आहे, पण हे काम मुंबईत असतानाच करून यावं. आधी सेटिंगमधून आपलं गूगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट. खातं न काढता रिकव्हरीतून (फोन बंद करून बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून) रीसेट केलं तर फोन तुमचाच जुना पासवर्ड मागत बसतो, आणि तोपर्यंत तुम्ही परतीच्या गाडीत असता. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, त्यामुळे बाबांचं सिम घालून, त्यात एसएमएसपुरता बॅलन्स ठेवून, आपल्यासमोर ते करून घ्या.

त्या फोनचे पॅच संपले असतील तर आई-बाबांना भजनं, फोटो आणि व्हिडिओ कॉलसाठी द्या, बँक त्यांच्या आधीच्याच फोनवर राहू द्या. फार जुना असेल तर तेही जाईल: अँड्रॉइड ४.४ वर व्हॉट्सॲप जानेवारी २०२५ पासून चालत नाही. अशा फोनांवर लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारलेली मोफत सिस्टीम) चढवण्याचा छंद मलाही आहे. पण बँकेची ॲप त्यावर बरेचदा चालत नाहीत, म्हणून ते हौशी माणसासाठीच.

शेवटी *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बाबांच्या वहीत, पिनच्या शेजारी न लिहिता दुसऱ्या पानावर लिहून द्या. फोन बाजारात किंवा एसटीत हरवला तर पोलिसांत तक्रार करून 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर याच क्रमांकावरून तो बंद करता येतो.